अपस्मार दिन : वर्गात फिट आली तर आपण काय करायचं?



आपल्या शाळेच्या दिनविशेषाच्या फलकावर वर्षभर आरोग्याचे दिवस येत असतात. ३० जानेवारीला कुष्ठरोग निवारण दिन, २४ मार्चला क्षयरोग दिन, ७ एप्रिलला जागतिक आरोग्य दिन, १९ जूनला सिकलसेल दिन, १४ नोव्हेंबरला बालदिनाबरोबरच मधुमेह दिन, १ डिसेंबरला एड्स दिन. परिपाठात एक विद्यार्थी दोन ओळी वाचतो, आपण फलकावर रंगीत खडूने लिहितो, फोटो काढतो आणि गटावर टाकतो. दिवस 'साजरा' होतो.

बालदिनानंतर तीनच दिवसांनी, १७ नोव्हेंबरला, भारतात राष्ट्रीय अपस्मार दिन पाळला जातो. हा दिवस बऱ्याचदा दिवाळीच्या सुट्टीत किंवा सुट्टी संपता संपता येतो, म्हणून फलकावरसुद्धा येत नाही. अपस्मार म्हणजे आपण ज्याला फिट येणं, आकडी, फेफरं, मिरगी, काही भागात घुरं असं म्हणतो तो आजार. इतर अनेक आजारांत शाळेचं काम माहिती देण्याचं असतं. या आजारात मात्र प्रत्यक्ष वेळ आली की डॉक्टर तिथे नसतात, आई-वडील नसतात, आपण असतो. म्हणून हा पाठ मुलांच्या आधी आपण मोठ्यांनी शिकायचा आहे.

हे मी अनुभवातून लिहिते आहे, आणि दोन्ही अनुभवांत चूक माझी आहे.

पहिला अनुभव : कांदा, चप्पल आणि चमचा

नोकरीची सुरुवातीची वर्षं. सकाळचा परिपाठ चालू होता. सातवीतला एक मुलगा प्रार्थनेच्या रांगेतच ओरडला आणि धाडकन खाली पडला. हातपाय ताठ, मग झटके, तोंडातून फेस. मुलं किंचाळत मागे सरली. कोणी म्हणालं कांदा आणा, कोणी पायातली चप्पल काढून त्याच्या नाकाला लावली, कोणी किल्ल्यांचा जुडगा हातात कोंबला. 'जीभ चावेल, जीभ चावेल' असं सगळे म्हणत होते, म्हणून मी खिचडीच्या भांड्यातला चमचा आणून त्याच्या दातांत घातला. जोर लावून घातला. पुढच्या दाताचा तुकडा पडला.

तीनेक मिनिटांत झटके थांबले. ते चपलेमुळे थांबले असं सगळ्यांना वाटलं. खरं तर बहुतेक झटके दोन-तीन मिनिटांत आपोआपच थांबतात. आपण त्या वेळात जे काही केलेलं असतं त्याला श्रेय मिळतं, म्हणून कांदा आणि चप्पल पिढ्यान् पिढ्या टिकून आहेत.

तो मुलगा शुद्धीवर आला तेव्हा त्याची चड्डी ओली झाली होती आणि सगळी शाळा त्याच्याभोवती गोल करून उभी होती. त्यानंतर तो शाळेत आला नाही. वडिलांनी त्याला गावाकडे, मामाकडे पाठवलं म्हणून कळलं. फिट आल्यामुळे त्याची शाळा सुटली असं मी कित्येक वर्षं समजत होते. आता वाटतं, त्या सकाळी आम्ही जे केलं आणि जे केलं नाही, त्यामुळे ती सुटली.

दुसरा अनुभव : श्रुतलेखनातली भोकं

तिसरीतली एक मुलगी. शांत, अक्षर सुंदर. पण तिच्या श्रुतलेखनाच्या वहीत एक गंमत असायची. दहा शब्द सांगितले की चार बरोबर, पाचवा गायब, सहावा पुन्हा बरोबर. उतारा सांगितला की 'आई बाजारात गेली आणि' इथपर्यंत ठीक, मग दोन-तीन शब्दांची जागा मोकळी आणि पुढे 'घेऊन आली'. पाढे म्हणताना मधेच थांबायची, डोळे स्थिर, पापण्या किंचित फडफडायच्या आणि मग पुढचा आकडा. मी म्हणायचे, 'कुठे गेली होतीस गं? जमिनीवर ये!' वर्ग हसायचा.

प्रगतिपुस्तकात मी लिहिलं, 'वर्गात लक्ष देत नाही. घरी लक्ष द्यावे.' घरी लक्ष दिलं गेलं, म्हणजे मार मिळाला. हे मला नंतर कळलं.

त्या वर्षी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं आरोग्य तपासणी पथक शाळेत आलं. वजन-उंची झाल्यावर पथकातल्या डॉक्टर मॅडमना मी सहज म्हटलं, 'ही अभ्यासात बरी आहे, पण मधेच हरवते.' त्यांनी वही मागितली. ती भोकं बघितली. मग तिला एक कागदाची भिंगरी दिली आणि म्हणाल्या, 'बाळा, मी थांब म्हणेपर्यंत फुंकत राहा.' दोन-एक मिनिटं ती जोरजोरात फुंकत होती. अचानक भिंगरी थांबली. मुलगी बसल्या जागी तशीच, डोळे वर कुठेतरी, पापण्या फडफडताहेत. मी मनात मोजलं, दहा सेकंद. मग काही झालंच नाही अशा थाटात ती पुन्हा फुंकायला लागली.

'मॅडम, ही फिट होती,' त्या म्हणाल्या.

मला खरंच पटलं नाही. ना पडली, ना झटके, ना फेस. जिल्हा रुग्णालयात पाठवलं, मेंदूच्या विद्युत लहरींची तपासणी, म्हणजे ईईजी झाला आणि निदान पक्कं झालं. अशा फिटला इंग्रजीत 'ॲब्सेन्स' म्हणतात, म्हणजे गैरहजेरी. हजेरीपटावर हजर आणि दिवसातून कितीतरी वेळा काही सेकंद गैरहजर अशी ती मुलगी होती. हजेरी घेणारी मी, मला ते दिसलं नव्हतं.

अपस्मार म्हणजे नेमकं काय?

आपल्या मेंदूतल्या पेशी एकमेकींशी अगदी सूक्ष्म विद्युत संदेशांनी बोलतात. हे बोलणं शिस्तीत, आळीपाळीने चालतं. कधीकधी पुष्कळशा पेशी एकदम, एकाच वेळी संदेश सोडू लागतात. तेवढा वेळ मेंदूचं नेहमीचं काम विस्कळीत होतं. यालाच झटका किंवा फिट म्हणतात. गडबड मेंदूच्या कोणत्या भागात झाली त्यावर फिट कशी दिसेल ते ठरतं. हाताच्या भागात झाली तर हात उडेल, पूर्ण मेंदूत पसरली तर माणूस बेशुद्ध पडेल.

एकदा फिट आली म्हणजे अपस्मार झाला असं नाही. जगात दहा टक्क्यांपर्यंत लोकांना आयुष्यात एखादी फिट येऊ शकते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तापात, रक्तातली साखर फार कमी झाल्यावर, डोक्याला मार लागल्यावर फिट येऊ शकते. सहा महिने ते पाच वर्षं या वयात तापाबरोबर येणारी आकडी ही बहुतेक मुलांत वयाबरोबर जाते. असं कोणतंही तात्कालिक कारण नसताना पुन्हा पुन्हा फिट येतात तेव्हा डॉक्टर अपस्माराचं निदान करतात.

जगात सुमारे पाच कोटी लोकांना हा आजार आहे आणि त्यातले जवळजवळ ८० टक्के आपल्यासारख्या कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. सर्वसाधारण लोकसंख्येत हजारी चार ते दहा असं प्रमाण धरलं जातं. म्हणजे पाचशे पटाच्या शाळेत दोन ते पाच मुलं. 'आमच्या शाळेत असं कोणी नाही' असं आपण म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा त्याचा अर्थ 'आम्हाला कोणी सांगितलेलं नाही' एवढाच असतो.

आणि यातली आशेची बाजू अशी की योग्य निदान आणि नियमित औषध मिळालं, तर ७० टक्क्यांपर्यंत रुग्ण फिटशिवाय जगू शकतात. काही औषधं स्वस्त आहेत, सरकारी रुग्णालयात मिळतात. अडतं ते बऱ्याचदा लपवण्यापाशी आणि अंगारा-धुपाऱ्यापाशी.

'अपस्मार' हा शब्द जुना आहे. अप म्हणजे जाणं, स्मार म्हणजे स्मृती. चरकसंहितेत या आजाराचं स्वतंत्र वर्णन आहे. ग्रीक वैद्य हिपोक्रॅटिसच्या परंपरेतल्या सुमारे २४०० वर्षांपूर्वीच्या ग्रंथात, हा आजार देवाच्या कोपाने होत नाही, त्याचं मूळ मेंदूत आहे, असं मांडलं आहे. हान्स बर्जर या जर्मन डॉक्टरने १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूच्या विद्युत लहरींची पहिली नोंद घेतली आणि १९२९ मध्ये ती प्रसिद्ध केली, तेव्हापासून या लहरी कागदावर बघता येऊ लागल्या. तरी आजही कोणी म्हणतं 'बाहेरचं आहे', कोणी म्हणतं 'लागिरलंय'. भूत उतरवण्याच्या नावाखाली कोणाला मारहाण करणं, साखळीने बांधणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, हेही पालकसभेत सांगायला हरकत नाही.

वर्गात काय काय दिसू शकतं?

निदान डॉक्टर करतील. पण रोज पाच-सहा तास मुलांना बघणारे आपणच असतो. पुढच्या गोष्टी दिसल्या तर नोंद करा.

• मूल काही सेकंद एकटक बघत राहतं, हाक मारली, खांद्याला हात लावला तरी कळत नाही, मग एकदम पुन्हा कामाला लागतं. दिवास्वप्न बघणारं मूल हाक मारल्यावर किंवा हात लावल्यावर भानावर येतं. हा फरक लक्षात ठेवा.

• मूल अर्धवट भानावर असतं, ओठ चाटतं, चावल्यासारखं करतं, शर्टाची बटणं चाचपत राहतं, कधी उठून चालायला लागतं. एक-दोन मिनिटांनी विचारलं तर काही आठवत नाही. अशा मुलाला आपण 'वेडगळ' किंवा 'आगाऊ' म्हणून मोकळे होतो.

• मोठ्या मुलामुलींत, विशेषतः सकाळी उठल्यावर, खांदे किंवा हात अचानक उडतात. हातातला चहाचा कप, कंगवा, पेन उडून पडतं. जागरण झालं की हे वाढतं. दहावी-बारावीच्या परीक्षेच्या दिवसांत याला 'टेन्शन' म्हणून सोडून देऊ नका.

• मूल अचानक पडतं, अंग ताठ होतं, मग झटके येतात. ही फिट सगळ्यांना ओळखू येते.

नोंद कशी करायची? तारीख, वेळ, आधी मूल काय करत होतं, सुरुवात कुठून झाली (उजवा हात, डावा हात, मान कुठे वळली), डोळे उघडे होते का, किती वेळ चाललं, नंतर किती वेळाने नीट बोललं. डॉक्टरांना फिट प्रत्यक्ष बघायला क्वचितच मिळते. त्यांचं बरंचसं निदान बघणाऱ्याने सांगितलेल्या वर्णनावर अवलंबून असतं. एखाद्याने मोबाईलवर चित्रण केलं तर उपयोग होतो, पण ते फक्त पालक आणि डॉक्टरांसाठी. कोणत्याही गटावर नाही, कुठेही नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीच्या यादीत झटक्यांचे आजार आहेत. पथक शाळेत येणार असेल त्या दिवशी अशी नावं आणि नोंदी आधीच काढून ठेवा. पुढचे उपचार कुठे मिळतील हे पथक सांगतं.

फिट आली तर हे करा

१. घड्याळ बघा. सगळ्यात आधी. घाबरलेल्या माणसाला एक मिनिट दहा मिनिटांसारखं वाटतं, म्हणून अंदाजावर जाऊ नका.

२. जागा मोकळी करा. बाक, दप्तरं, कंपासपेटी, टोकदार वस्तू बाजूला. चष्मा काढा. गळ्याजवळचं बटण, टाय, ओढणी सैल करा.

३. डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा. स्वेटर, घडी केलेली सतरंजी, काही नसेल तर आपला हात.

४. कुशीवर वळवा. झटक्यांचा जोर कमी होताच, शक्य असेल तर आधीच, एका कुशीवर करा. तोंडातली लाळ, फेस बाहेर जाईल आणि श्वास मोकळा राहील.

५. सोबत राहा. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत एका मोठ्या माणसाने हलायचं नाही. शांतपणे नाव घेऊन बोला, 'बाळा, तू शाळेत आहेस, मी इथेच आहे.'

६. बाकीच्या मुलांना दुसऱ्या शिक्षकाबरोबर बाहेर पाठवा. अंगावर चादर घाला. कपडे ओले झाले असतील तर कोणाला दिसायचं कारण नाही. शाळेत मुलामुलींचा एकेक जास्तीचा गणवेश ठेवलेला बरा.

आणि हे करू नका

• तोंडात काहीही घालू नका. चमचा नाही, रुमाल नाही, बोट तर नाहीच. जीभ गिळली जाते हा गैरसमज आहे. जीभ चावली गेली तर ती भरून येते, तुटलेला दात घशात गेला तर जिवावर बेततं.

• हातपाय दाबून धरू नका. त्याने झटके थांबत नाहीत, हाड किंवा सांधा मात्र दुखावतो.

• पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत पाणी, चहा, गोळी काही देऊ नका.

• कांदा, चप्पल, किल्ल्या, लोखंड यांचा काही उपयोग नाही.

१०८ ला फोन कधी करायचा?

फिट पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली, शुद्ध येण्याआधीच दुसरी फिट आली, श्वासाला त्रास होतोय, डोक्याला मार लागलाय, पाण्यात असताना फिट आली, किंवा मुलाची ही पहिलीच फिट आहे असं वाटतंय, तर लगेच १०८. मुलाला आधीच निदान झालेलं असेल आणि नेहमीसारखी छोटी फिट असेल, तर पालकांना कळवून विश्रांती दिली तरी चालतं. काही मुलांना डॉक्टरांनी तातडीसाठी नाकात मारायचा फवारा लिहून दिलेला असतो. तो शाळेत द्यायचा असेल तर डॉक्टरांच्या लेखी सूचना आणि पालकांची संमती आपल्याकडे हवी.

फिटनंतर मूल गोंधळलेलं असतं, झोप येते, डोकं दुखतं. त्याला झोपू द्या. त्याच दिवशी फळ्यासमोर उभं करू नका. एकटक बघण्याच्या छोट्या फिटमध्ये तर वेगळं काहीच करायचं नसतं. ती संपल्यावर आपलं शेवटचं वाक्य शांतपणे पुन्हा सांगायचं, एवढंच. त्या मुलीच्या बाबतीत मी नंतर हेच करत होते.

पालकांशी दोन शब्द

आई-बाबा, तुम्ही हे लपवता, ते का लपवता हे आम्हाला कळतं. 'शाळेत कळलं तर काढून टाकतील', 'मुलीचं पुढे लग्न कसं होईल'. पण शिक्षकाला माहीत नसेल, तर त्या पाच मिनिटांत तुमच्या मुलाजवळ अनाडी माणसं असतील. किमान वर्गशिक्षक आणि मुख्याध्यापकांना सांगा. डॉक्टरांचं नाव, औषधाचं नाव, तुमचा फोन नंबर आणि फिट साधारण कशी असते, एवढं एका कागदावर द्या. शिक्षकांनीही तो कागद कपाटात ठेवावा आणि त्याची चर्चा करू नये.

लग्नाचं म्हणाल तर कायदा केव्हाच पुढे गेलाय. हिंदू विवाह कायदा आणि विशेष विवाह कायदा यांत लग्नाच्या अटींमध्ये अपस्माराचा उल्लेख होता. तो १९९९ च्या दुरुस्तीने काढून टाकला. अपस्मार असलेल्या बायका-पुरुषांची लग्नं होतात, मुलं होतात. फक्त गरोदरपणाचा विचार असेल तेव्हा औषधांबद्दल डॉक्टरांशी आधी बोलावं लागतं. लग्न ठरवताना लपवू नका मात्र. लपवलेलं औषध चुकतं आणि औषध चुकलं की फिट येते.

घरी सांभाळायच्या गोष्टी साध्या आहेत.

• औषधाची वेळ चुकवू नका. बरं वाटतंय म्हणून स्वतःच्या मनाने बंद करू नका. मुलांत साधारण दोन वर्षं फिट आली नाही तर डॉक्टर औषध हळूहळू कमी करायचा विचार करतात, पण तो निर्णय त्यांचा. एकदम बंद केलं तर मोठी फिट येऊ शकते.

• झोप पुरी हवी. गणपतीची आरास, नवरात्रातला गरबा, घरचं जागरण-गोंधळ, परीक्षेच्या आदल्या रात्रीचा अभ्यास. मुलाला वेळेवर झोपवा, बाकीचं घर जागू दे.

• कडक उपासाच्या नादात औषध आणि जेवण टाळू नका.

• न्हाणीघराची कडी आतून लावू नये. विहीर, नदी, तळं इथे एकट्याने जाऊ नये. चुलीजवळ, गच्चीच्या कठड्याजवळ लक्ष असावं.

• बाकी खेळू द्या. धावणं, कबड्डी, क्रिकेट सगळं. दक्षिण आफ्रिकेचा जाँटी ऱ्होड्स आठवतो ना? १९९२ च्या विश्वचषकात हवेत झेपावून इंझमामला धावबाद करणारा. त्याला अपस्मार आहे, आणि ते त्याने स्वतः उघडपणे सांगितलेलं आहे.

पुण्यात यशोदा वाकणकर यांनी 'संवेदना' हा अपस्मार असलेल्यांचा आणि त्यांच्या घरच्यांचा मदतगट उभा केला आहे. एकमेकांशी बोलल्याने किती ओझं हलकं होतं, ते अशा गटात बसल्यावर कळतं.

आणखी एक गोष्ट, जी शाळेत आपण रोज शिकवतो. आपल्या देशात फिट येण्याचं एक मोठं कारण म्हणजे पट्टकृमीची अंडी पोटात जाऊन मेंदूत तयार होणाऱ्या गाठी. हा कृमी डुकराच्या मांसातला असला तरी शाकाहारी माणसालाही हा त्रास होतो, कारण त्याची अंडी माणसाच्या विष्ठेतून माती, पाणी, न धुतलेली कोथिंबीर, मुळा, गाजर असा प्रवास करून पोटात जातात. म्हणून १५ ऑक्टोबरच्या हात धुवा दिनाचा आणि अपस्माराचा थेट संबंध आहे. शौचानंतर आणि जेवणाआधी साबणाने हात धुणं, कच्च्या भाज्या नीट धुणं आणि शौचालयाचा वापर यांमुळे हा एक प्रकार टाळता येतो.

वर्गात घेण्यासाठी एक तासिका (चौथी ते आठवी)

साहित्य काही नाही. एक घड्याळ आणि एक सतरंजी.

पहिली कृती : टाळ्या. वर्गाचे चार गट करा. आळीपाळीने एकेका गटाने दोन टाळ्या वाजवायच्या. छान लय तयार होते. आता सांगा, 'मी हात वर केला की सगळ्यांनी एकदम, जोरात, न थांबता.' टाळ्यांचा कडकडाट चालू असताना तुम्ही हळू आवाजात एक वाक्य बोला. हात खाली करा. विचारा, 'मी काय म्हटलं?' कोणालाच सांगता येणार नाही. मग समजवा : फिट येते तेव्हा मेंदूत असंच होतं. म्हणून त्या मुलाला ऐकू येत नाही, आठवत नाही. तो मुद्दाम करत नाही.

दुसरी कृती : बरोबर की चूक. विधान वाचा, मुलं उभी राहतील किंवा बसतील. प्रत्येक विधानानंतर कारण विचारा.

• फिट येणाऱ्याला शिवलं तर आपल्यालाही फिट येते. (चूक. हा संसर्गाने पसरणारा आजार नाही.)
• फिट येणारी मुलं हुशार नसतात. (चूक. बहुतेकांची बुद्धी इतरांसारखीच असते.)
• चप्पल हुंगवली की फिट थांबते. (चूक. ती आपोआप थांबते.)
• फिट चालू असताना पाणी पाजावं. (चूक. श्वासनलिकेत जाऊ शकतं.)
• घड्याळ बघणं सगळ्यात महत्त्वाचं. (बरोबर.)

तिसरी कृती : कुशीवर वळवणं. जोडीजोडीने सतरंजीवर सराव करा. एक जण शांत झोपेल, दुसरा त्याला कुशीवर वळवेल, डोक्याखाली स्वेटर ठेवेल. झटक्यांचा अभिनय मात्र करायला लावू नका. पुढे मधल्या सुट्टीत तीच नक्कल चालते आणि ती कोणाच्या तरी जिवाला लागते.

शेवटचा प्रश्न : 'तुमचा मित्र फिटनंतर दुसऱ्या दिवशी शाळेत आला, तर त्याला पहिलं वाक्य काय म्हणाल?' मुलांना लिहू द्या. माझ्या वर्गात एकाने लिहिलं होतं, 'काल तू नव्हतास म्हणून आम्ही डाव मांडला नाही, आज खेळू.' यापेक्षा चांगलं उत्तर मला सुचलेलं नाही.

एक पथ्य : वर्गात असं मूल असेल तर तासिकेआधी त्याला आणि त्याच्या पालकांना विचारा. त्याचं नाव न घेता पाठ होऊ शकतो. स्वतःहून बोलायचं असेल तर मात्र त्याला बोलू द्या. कॅनडात कॅसिडी मेगन नावाच्या नऊ वर्षांच्या मुलीने स्वतःच्या अपस्माराबद्दल असंच बोलायला सुरुवात केली. आपण एकटे नाही हे इतर मुलांना कळावं म्हणून तिने २००८ मध्ये २६ मार्चचा 'जांभळा दिवस' सुरू केला. फेब्रुवारीतल्या दुसऱ्या सोमवारी आंतरराष्ट्रीय अपस्मार दिनही असतो. तो २०१५ पासून पाळला जातो. म्हणजे १७ नोव्हेंबर सुट्टीत गेला तरी शाळा चालू असताना आपल्याकडे अजून दोन तारखा उरतात.

जाता जाता

त्या तिसरीतल्या मुलीचं औषध सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी मी पुन्हा श्रुतलेखन घेतलं. दहाच्या दहा शब्द होते. दोन चुकीचे होते, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका. पण जागा एकही मोकळी नव्हती. वर्षअखेरीला प्रगतिपुस्तकातला माझा तो जुना शेरा मी खोडला नाही. त्याच्याखाली लिहिलं, 'मागील शेरा चुकीचा होता. मुलगी लक्ष देते.' खाली सही केली. तिच्या आईने तो वाचला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, 'मॅडम, हे तिच्या बापाला वाचून दाखवते.'

त्या सातवीतल्या मुलाच्या प्रगतिपुस्तकात काही लिहायची संधी मला मिळाली नाही.

म्हणून एवढंच करूया. वर दिलेली 'हे करा' आणि 'हे करू नका' ही यादी एका मोठ्या कागदावर लिहून शिक्षकांच्या खोलीत आणि स्वयंपाकघराच्या दारावर लावूया. शिपाईदादा, खिचडी शिजवणाऱ्या मावशी, रिक्षावाले काका यांनाही एकदा वाचून दाखवूया. आणि वर्गात एखादं मूल पुन्हा पुन्हा 'हरवत' असेल, तर रागावण्याआधी एकदा त्याची श्रुतलेखनाची वही उघडून बघूया.